नाव खोटे, लक्षण मोठे

मनुष्याने पशुपक्ष्यांना जी नावे दिली आहेत, त्यांत त्याचे निरीक्षण दिसून येते आणि त्याचा स्वभावही दिसून येतो. आपल्या मराठी भाषेतील पक्ष्यांची नावेच पाहा. झाडाच्या खोडावर चोचीने टकटक करून लाकूड पोखरणाऱ्या पक्ष्याला आपण ‘सुतार’ म्हणतो. पानांच्या कडा एकमेकींना टाचून त्या पुडीत घरटे करणारा चिमुकला पक्षी तो ‘शिंपी’. पाण्याच्या काठी शेपटी सारखी वरखाली आपटीत हिंडणारा तो ‘धोबी’. आपल्या घरट्याजवळ घार किंवा कावळा दिसताच त्याच्यावर धावून जाणारा आणि त्याला पिटाळून लावणारा तो ‘कोतवाल’. या नावांत केवढे कौतुक भरलेले आहे! ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी त्या पक्ष्यांना काम करताना पाहिले होते आणि त्यांच्या कामाची बूज राखली होती.

परंतु नावे ठेवताना मनुष्य नेहमीच इतका न्यायी असतो असे नाही. झुलते घरटे विणणाऱ्या पक्ष्याला आपण ‘सुगरण’ म्हणतो. वास्तविक ते घरटे विणतो नर, आणि नाव मिळाले आहे मादीचे! घुबड रात्रभर उंदीर मारून शेतकऱ्याचे धान्य राखते, तरी ‘घुबड’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. अशाच एका अन्यायाची ही हकीकत आहे. आपल्या देशापासून फार दूर, उत्तर अटलांटिक महासागरात एक मोठा, देखणा व शूर पक्षी राहतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ आहे ‘खुळा’. हे नाव त्याला का मिळाले आणि ते कितपत खरे आहे, हे आपण पाहू.

या पक्ष्याला इंग्रजीत ‘गॅनेट’ म्हणतात. उत्तर अटलांटिकच्या टापूत राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांत हा आकाराने सर्वांत मोठ्यांपैकी एक होय. चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी जवळजवळ एक मीटर भरते. वजन सुमारे तीन किलोग्रॅम असते. त्याने पंख पसरले म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर १८० सेंटिमीटरच्या घरात जाते. म्हणजे दोन्ही हात पसरून उभ्या राहिलेल्या एखाद्या उंच पुरुषाएवढा त्याचा विस्तार होतो. अंगाचा रंग पांढराशुभ्र, पंखांची टोके काळीभोर, डोके व मान यांवर पिवळसर केशरी झाक आणि चोच निळसर राखाडी. डोळे फिकट निळे असून त्यांच्याभोवती बारीक काळे वलय असते. जणू कोणी कुशल चित्रकाराने काळ्या शाईने त्यांच्या कडा रेखाटल्या आहेत! पिले मात्र अशी नसतात. उडू लागलेले पिलू काळपट तपकिरी असते आणि त्याच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके असतात. वर्षामागून वर्ष त्याचा रंग उजळत जातो आणि पाच वर्षांच्या सुमारास ते आईबापांसारखे शुभ्र होते.

स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, आइसलंड, नॉर्वे आणि पलीकडे कॅनडाचा पूर्व किनारा येथील समुद्रात उभ्या असलेल्या खडकाळ बेटांवर गॅनेट पक्ष्यांच्या वसाहती असतात. त्यांतील बास रॉक नावाचे बेट विशेष प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, फोर्थ नदीच्या खाडीच्या मुखाशी, हा खडक समुद्रातून एकदम १०० मीटरांहून उंच उठलेला आहे. फार प्राचीन काळच्या एका ज्वालामुखीचा तो अवशेष होय. उन्हाळ्यात दुरून पाहणाऱ्याला वाटते, की या खडकावर बर्फ पडले आहे. जवळ गेल्यावर कळते, की ते बर्फ नव्हे. ते हजारो गॅनेट पक्षी आहेत.

आता त्याच्या नावांकडे वळू. या पक्ष्याला एक नव्हे, अनेक नावे आहेत. ‘गॅनेट’ हा इंग्रजी शब्द फार जुना असून हंसासारख्या ‘गूज’ नावाच्या पक्ष्याच्या नराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याच्याशी त्याचे नाते आहे. या नावात कोठेही हेटाळणी नाही. उलट, इंग्रजी भाषेतील अतिप्राचीन काव्यांत समुद्राचा उल्लेख या पक्ष्याची स्नानाची जागा असा केलेला आढळतो. दर्यावर फिरणाऱ्या त्या काळच्या लोकांना समुद्र म्हटला की हा पक्षी आठवत असे! उत्तरेकडील नॉर्वे, आइसलंड इत्यादी देशांतील दर्यावर्दी त्याला ‘सुला’ म्हणत. त्यांनी आपल्या वाटेवरील काही बेटांनाही हेच नाव दिले. स्कॉटलंडच्या उत्तरेस ‘सुला स्गेर’ नावाचे एक ओसाड बेट आहे. त्याचा अर्थ ‘सुला पक्ष्यांचा खडक’.

शास्त्रीय नाव मात्र निराळे आहे. जगातील लोक एकाच पक्ष्याला आपापल्या भाषेत भिन्न भिन्न नावे देतात. त्यामुळे शास्त्रज्ञांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे एक नाव देण्याची पद्धत आहे. पहिला शब्द कुळाचा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत ‘प्रजाती’चा, आणि दुसरा त्या ‘जाती’चा. स्वीडनमधील थोर शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५८ साली आपल्या ग्रंथात गॅनेटची नोंद केली, तेव्हा बास रॉकवरून त्याने त्याला ‘बासानस’ हा जातिवाचक शब्द दिला. पुढे १८१६ साली व्हिएयो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या पक्ष्याची वेगळी प्रजाती मानली आणि तिला ‘मोरस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मोरोस’ म्हणजे मूर्ख, खुळा. अशा रीतीने आपल्या पक्ष्याचे पूर्ण नाव झाले ‘मोरस बासानस’, म्हणजे ‘बास खडकावरचा खुळा’!

जो पक्षी असे नाव मिरवतो, तो खरोखरच खुळा असेल काय? याचा निवाडा त्याच्या कामावरून केला पाहिजे. म्हणून आधी त्याला अन्न मिळविताना पाहू.

गॅनेट मासे खातो. मॅकरेल, हेरिंग, वाळूत लपणारे बारीक मासे हे त्याचे भक्ष्य होय. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा नातेवाईक. हे मासे थव्याथव्याने पाण्याखाली हिंडतात. गॅनेट समुद्रावर पंधरा, वीस, कधी तीस मीटर उंचीवरून संथपणे उडत असतो आणि मान वाकवून खाली पाहत असतो. त्याचे डोळे पुढच्या बाजूला वळलेले असल्यामुळे दोन्ही डोळ्यांनी एकच वस्तू पाहून तिचे अंतर त्याला नेमके जोखता येते. मासा दिसला, की तो क्षणभर थबकतो, डोके खाली करतो आणि पंख अर्धवट मिटून सरळ पाण्याकडे झेपावतो. पडता पडताच तो शेपटीने व पंखांनी आपली दिशा नीट करीत असतो. पाण्याला चोच लागण्याच्या अगदी आधी तो दोन्ही पंख मागे ओढून अंगाला घट्ट लावतो. त्या क्षणी तो पक्षी राहत नाही. तो एक बाण होतो!

तीस मीटर म्हणजे सुमारे दहा मजली इमारतीची उंची. एवढ्या उंचीवरून एखादा दगड सोडला, तर तो अडीच सेकंदांत खाली पोहोचतो आणि पाण्यावर आपटताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८६ किलोमीटर असतो. गॅनेटचा वेगही जवळपास एवढाच असतो. आता तुमच्यापैकी ज्यांनी विहिरीत सूर मारला असेल, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. सूर नीट बसला तर पाणी रेशमासारखे दुभंगते. परंतु उडी चुकली आणि पोट पाण्यावर आपटले, तर पाणी फरशीसारखे लागते. ही तर विहिरीच्या काठावरची उडी. दहा मजल्यांवरून चुकीची उडी पडली, तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी! आणि गॅनेट तर पोटासाठी दिवसातून अनेकदा अशा उड्या घेतो.

त्याला इजा कशी होत नाही? निसर्गाने त्याच्या शरीराची रचनाच त्या दृष्टीने केली आहे. त्याच्या चोचीवर बाहेरून नाकपुड्या नाहीत. बहुतेक पक्ष्यांच्या चोचीवर दोन भोके असतात. गॅनेटला ती असती, तर सूर मारताच समुद्राचे पाणी जोराने आत घुसले असते. म्हणून तो चोचीच्या कोपऱ्यांतून, तोंडावाटे श्वास घेतो. त्याच्या चेहऱ्याच्या व छातीच्या कातडीखाली हवेच्या लहान लहान पिशव्या आहेत. काचेचे सामान पेटीत भरताना आपण त्याभोवती पेंढा भरतो, तसाच या पिशव्यांचा उपयोग होतो. पाण्याचा तडाखा त्या झेलतात. चोच टोकदार, डोके निमुळते, मान लांब. या सर्व आकारामुळे पाणी हळूहळू दुभंगत जाते आणि एकदम धक्का बसत नाही.

सुराच्या जोरानेच तो काही मीटर खोल जातो. तेवढ्यात मासा हाती लागला तर ठीक. नाही तर तो पंख व पाय मारीत पाण्याखाली त्याचा पाठलाग करतो. कधीकधी तर तो वीस मीटरपर्यंत खोल उतरतो. मासा चोचीत येताच पुष्कळदा तो पाण्याखालीच गिळून टाकतो आणि मग बुचासारखा वर उसळतो. माशांचा मोठा थवा सापडला, की शेकडो गॅनेट एकाच ठिकाणी सूर मारू लागतात. वरून पांढऱ्या बाणांचा पाऊस पडावा आणि खालून पाण्याचे फवारे उडावे, असा तो देखावा असतो. अशा गर्दीत पुढचा कोठे पडतो हे पाहून दुसऱ्याला क्षणार्धात आपली जागा निवडावी लागते. हे काम खुळ्याचे आहे, असे कोण म्हणेल?

आता त्याचा संसार पाहू. कारण त्याच्या नावाचे कोडे तेथेच उलगडते. हिवाळा सरत आला, की गॅनेट आपल्या बेटाकडे परततात. नर व मादी वर्षानुवर्षे बहुधा त्याच जोडीदाराबरोबर आणि त्याच घरट्यावर येतात. समुद्रशेवाळ, गवत, पिसे व माती यांचा उंचवटा म्हणजे त्यांचे घरटे. जागेची इतकी टंचाई असते, की शेजारच्या घरट्यातील पक्ष्याची चोच आपल्याला जेमतेम लागू नये, एवढेच अंतर दोन घरट्यांत असते. अशा हजारो घरट्यांच्या दाटीत, समुद्रावरून आलेला पक्षी आपल्या घरट्यावर अचूक उतरतो. जोडीदार भेटले, की दोघे उभे राहून माना उंच करतात आणि चोचीवर चोच घासून एकमेकांचे स्वागत करतात. अनेक वर्षांच्या सहवासानंतरही या स्वागतात कधी खंड पडत नाही.

मादी एकच अंडे घालते. पुष्कळशा पक्ष्यांच्या पोटावर उबवण्यासाठी पिसे गळून उघडी पडलेली उबदार जागा असते. गॅनेटला ती नसते. त्याच्या पायांची चारही बोटे पातळ पडद्याने जोडलेली असतात. हे रुंद पाय अंड्यावर ठेवून तो त्यांच्या उबेने ते उबवितो. सुमारे चव्वेचाळीस दिवस आईबाप आळीपाळीने हे काम करतात. एक अंड्यावर उभा असतो, तेव्हा दुसरा अन्नासाठी कधीकधी शेकडो किलोमीटर दूर गेलेला असतो. तो परत येईपर्यंत पहिल्याने जागा सोडावयाची नाही, हा त्यांचा नियम. वारा सुटो, पाऊस कोसळो, तो हलत नाही. हलला, तर काय होईल? वर घिरट्या घालणारा समुद्रपक्षी ‘गल’ तत्काळ झडप घालून अंडे पळवील, आणि शेजारी घरट्यातील शेवाळ ओढून नेईल. वर्षाचे एकुलते एक अंडे गेले, की बहुधा त्या वर्षाचा संसार बुडाला!

पिलू बाहेर आल्यावर आईबाप त्याला इतके भरवितात, की सुमारे तेरा आठवड्यांनी ते आईबापांपेक्षाही जड होते. मग एके दिवशी ते कड्याच्या टोकाशी येते आणि समुद्राकडे झेप घेते. मात्र अंगातील चरबीमुळे एकदा पाण्यावर उतरल्यावर त्याला पुन्हा उडता येत नाही. आईबापही त्याला शोधीत येत नाहीत. कित्येक दिवस ते लाटांवर तरंगत राहते. शिदोरी म्हणून बरोबर असते ती केवळ अंगातील चरबी. ती जिरून शरीर हलके झाले, की ते उडते, स्वतःच सूर मारावयास शिकते आणि दक्षिणेकडे, पुष्कळदा थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास करते. पुष्कळ पिले या परीक्षेत टिकत नाहीत. जी टिकतात, ती मात्र दीर्घायुषी होतात. काही गॅनेट तीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत.

घरटे न सोडण्याच्या या निष्ठेलाच मनुष्याने खुळेपणा म्हटले. ते कसे, हे आता ध्यानात येईल. ज्या उंच, निर्जन खडकांवर गॅनेट राहत आले, तेथे कोल्हा नाही, मांजर नाही, साप नाही. हजारो वर्षांत जमिनीवरून चालत येणारा शत्रू त्यांनी पाहिलाच नव्हता. शत्रू येतो तो आकाशातून, आणि त्यावर उपाय एकच. घरट्यावर ठाम बसून राहणे. पुढे होडीतून माणूस आला आणि काठी घेऊन घरट्याजवळ उभा राहिला. पक्षी पळाला नाही. त्याने मान उभारली, चोच वासली, पण अंड्यावरचे पाय काढले नाहीत. माणसाने काठी मारली. शेजारचाही पळाला नाही. माणूस हसला आणि म्हणाला, “काय खुळा पक्षी!”

आता हेही खरे, की समुद्राकाठच्या सर्वच लोकांनी गॅनेटला केवळ हौसेने मारले नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस दूरवर सेंट किल्डा नावाची बेटे आहेत. तेथील जमीन नापीक, समुद्र सदा खवळलेला. शेकडो वर्षे तेथील लोक दोरांनी कडे उतरून समुद्रपक्षी व त्यांची अंडी आणीत आणि त्यावर हिवाळा काढीत. १९३० साली तेथील अखेरची ३६ माणसे बेट सोडून गेली. आपल्या पोटापुरते घ्यावे आणि पुढच्या वर्षासाठी राखावे, हे अशा लोकांना कळत असे. कारण पक्षी संपले तर आपणही संपू, हे त्यांना ठाऊक होते.

परंतु जेथे ही जाणीव सुटली, तेथे अनर्थ झाला. कॅनडाच्या पूर्वेस सेंट लॉरेन्सच्या आखातात ‘बर्ड रॉक्स’ नावाचे खडक आहेत. १५३४ साली झाक कार्तिये हा फ्रेंच दर्यावर्दी तेथे गेला, तेव्हा शेतात गवत दाटावे तसे पक्षी त्याला त्या खडकांवर दाटलेले दिसले. पुढे तीनशे वर्षांनी, १८३३ साली, ऑडुबॉन हा प्रसिद्ध पक्षीचित्रकार तेथे गेला. दुरून खडकाचा माथा त्याला बर्फाने झाकल्यासारखा दिसला. परंतु कोळ्यांकडून त्याला असेही कळले, की सहा माणसांनी काठ्यांनी एका तासाच्या आत पाचशेहून अधिक गॅनेट मारले होते. कशासाठी? त्यांचे मांस गळाला लावून कॉड मासे धरण्यासाठी! अशा कत्तलीमुळे त्या शतकाच्या अखेरीस ती प्रचंड वसाहत नाममात्र उरली.

आइसलंडजवळील एल्डी नावाच्या खडकाची कथा याहून करुण आहे. तेथे ‘ग्रेट ऑक’ नावाचा एक मोठा समुद्रपक्षी राहत असे. त्याला उडता येत नव्हते. माणसांनी पिसांसाठी व मांसासाठी त्याला इतके मारले, की १८४४ सालच्या जून महिन्यात एल्डीवर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली आणि ती जात जवळजवळ निश्चितपणे जगातून नाहीशी झाली. त्याच एल्डीवर आज हजारो गॅनेट घरटी करतात. गॅनेटला पंख होते आणि त्याची काही बेटे माणसाच्या आटोक्याबाहेर होती, म्हणून तो वाचला. एरवी त्याचेही नाव आज केवळ पुस्तकात वाचावयास मिळाले असते.

‘खुळा’ हा शिक्का गॅनेटच्या भाऊबंदांवरही बसला आहे. उष्ण प्रदेशांतील समुद्रांवर त्याच्याच कुळातील ‘बूबी’ नावाचे पक्षी राहतात. हे नाव स्पॅनिश भाषेतील ‘बोबो’ या शब्दावरून आले असे मानतात आणि त्याचाही अर्थ ‘खुळा’ असाच आहे. हे पक्षी विश्रांतीसाठी जहाजांवर येऊन बसत आणि खलाशी त्यांना हातांनी पकडीत. १७८९ साली ‘बाउंटी’ जहाजावरील बंडखोरांनी कप्तान ब्लाय व त्याचे अठरा साथीदार यांना एका उघड्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिले. सहा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांना उपासमारीत काटावयाचे होते. वाटेत त्यांना काही बूबी हातांनी धरता आले. एका पक्ष्याचे अठरा वाटे करून ते त्यांनी खाल्ले आणि त्याचे रक्त सर्वांत अशक्त माणसांना पाजले. ज्याने अशा वेळी प्राण तगविले, त्याचेही नाव ‘खुळा’च राहिले!

सुदैवाने मनुष्य चुकतो तसा शिकतोही. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा करार झाला, आणि १९१९ साली बर्ड रॉक्स व बोनाव्हेंचर बेट येथे पक्ष्यांना अभय देण्यात आले. ब्रिटनमध्येही कायदे झाले. बास रॉकवर पूर्वी गॅनेटची पिले मांसासाठी व पिसांसाठी मारीत. तीही प्रथा बंद पडली. पक्षी वाढू लागले. २०१४ सालच्या मोजणीत बास रॉकवर सुमारे ७५ हजार घरटी आढळली आणि गॅनेटची जगातील सर्वांत मोठी वसाहत म्हणून तो खडक गाजला.

पण २०२२ साली नवे संकट आले. पक्ष्यांना होणाऱ्या इन्फ्लुएंझाची साथ अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील वसाहतींत पसरली. चोचीला चोच लागेल अशा दाटीत राहणाऱ्या या पक्ष्यांत रोग वणव्यासारखा फिरला आणि हजारो गॅनेट मेले. २०२३ साली बास रॉकवर मोजणी केली, तेव्हा घरट्यांची संख्या सुमारे ५२ हजारांवर आली होती. याच काळात शास्त्रज्ञांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. रोगातून बचावलेल्या बऱ्याच पक्ष्यांचे फिकट निळे डोळे काळे पडले होते! रक्ताच्या तपासणीने या दोन गोष्टींचा संबंध उघड झाला. ते काळे डोळे घेऊन कित्येक पक्षी पुन्हा आपल्या घरट्यांवर उभे राहिले.

गॅनेट आपल्या समुद्रात येत नाही. परंतु त्याचा भाऊबंद बूबी मात्र अरबी समुद्रावर वावरतो. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यांत सापडून थकलेला बूबी क्वचित मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर येऊन पडतो. तो माणसांना पाहूनही पळत नाही, कारण त्याच्या अंगी त्राण उरलेले नसते. असा पक्षी तुम्हांला कधी आढळला, तर त्याला दगड मारू नका, कुत्र्यांपासून त्याचे रक्षण करा आणि ‘पाण्यातला पक्षी’ म्हणून त्याला पुन्हा लाटांत लोटू नका. त्याची चोच धारदार असते व तो आजारीही असू शकतो. म्हणून त्याला हात न लावता वडील माणसांकरवी वनखात्याला कळवा. न पळणारा तो खुळा, असे समजण्याची चूक पूर्वी पुष्कळांनी केली. ती आपण करू नये.

शास्त्रीय नाव अर्थ चुकीचा आहे म्हणून बदलत नाहीत. तसा नियमच आहे. त्यामुळे आपला पक्षी पुढेही ‘मोरस’च राहील. त्याला त्याचे सोयरसुतकही नाही. समुद्रावरील वाऱ्यात तो आपल्या अंड्यावर पाय रोवून उभा आहे. परंतु ते नाव वाचणाऱ्याने मात्र एक गोष्ट ओळखावी. ‘सुतार’ आणि ‘शिंपी’ ही नावे पक्ष्यांचे गुण सांगतात. ‘खुळा’ हे नाव पक्ष्याचा गुण सांगत नाही, ते ठेवणाऱ्याची दृष्टी सांगते. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गॅनेटच्या बाबतीत ती उलटी करून म्हटली पाहिजे: नाव खोटे, लक्षण मोठे!

स्वाध्याय

१. गॅनेटच्या शरीराची कोणती रचना त्याला सूर मारताना उपयोगी पडते?
२. गॅनेट घरटे सोडून का पळत नाही? माणसांनी त्याचा कोणता अर्थ लावला?
३. सेंट किल्डाचे लोक आणि बर्ड रॉक्सवरील कोळी यांच्या वागण्यात कोणता फरक होता?
४. ‘बूज राखणे’, ‘सोयरसुतक नसणे’, ‘नाममात्र उरणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या गावातील पाच पक्ष्यांची नावे लिहा आणि ती कशावरून पडली असावीत, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवा.